अँजिओग्राफी क्लीन आली तरी छातीत दुखतंय, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराचा बिघाड म्हणजे नक्की काय?

मुक्ता_आर

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी झालीये, सांभाळून घ्या. माझ्या आईला (वय ५८) बरेच महिने झाले जिना चढताना, भरभर चालताना छातीत आवळल्यासारखं होतं, आणि कधीकधी तर नुसती बसलेली असताना पण होतं. ट्रेडमिल टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून अँजिओग्राफी केली तर ती एकदम क्लीन, एकसुद्धा ब्लॉकेज नाही. आम्ही सगळे खूश, पण आईचं दुखणं तसंच. ज्या डॉक्टरांनी केली ते म्हणाले हार्टचं काही नाहीये, टेन्शन घेऊ नका, आणि अँग्झायटीची गोळी लिहून दिली. आईला ते इतकं लागलं की ती दुखतंय हे सांगायचंच बंद झाली, मला तिचा चेहरा बघून कळायचं.

आता दुसऱ्या कार्डिओलॉजिस्टना दाखवलं तर त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले मोठ्या धमन्या मोकळ्या आहेत हे खरं, पण बारीक रक्तवाहिन्यांच्या आतलं जे अस्तर असतं त्याच्या पेशी नीट काम करत नसाव्यात, एंडोथेलियल डिसफंक्शन म्हणतात त्याला. पुढची अपॉइंटमेंट आहे, तोवर मी नेटवर वाचत बसलेय आणि डोकं गरगरायला लागलंय. एकीकडे हजारो रिसर्च पेपर, दुसरीकडे "अस्तर रिपेअर करा" म्हणून पावडरी विकणारे.

मला कॉमर्सच्या माणसाला कळेल असं कोणी सांगेल का की हे अस्तर करतं काय, ते बिघडतं कसं, ते मोजता येतं का आणि सुधारतं का? इथे लॅबमधले आणि डॉक्टर असे दोन्ही लोक आहेत म्हणून विचारतेय.

पेशीवाला

मुक्ताताई, मी याच पेशींवर काम करतो (संशोधक आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे आईच्या उपचारांबद्दल काही बोलणार नाही, ते बाकीचे सांगतील). पण अस्तराबद्दल विचारलंत तर थांबणं अवघड आहे :)

तर प्रत्येक रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीपासून ते केसापेक्षा बारीक केशवाहिनीपर्यंत, पेशींचा एक थर असतो, फक्त एकाच पेशीच्या जाडीचा. त्यालाच एंडोथेलियम म्हणतात. बराच काळ लोकांना वाटायचं की हा थर म्हणजे नुसता एक पडदा आहे, रक्त आत ठेवायचं एवढंच त्याचं काम. मग १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट आणि झवाड्स्की या शास्त्रज्ञांचा पेपर आला आणि सगळं चित्रच पालटलं. सशाच्या महाधमनीचे तुकडे घेऊन ते अॅसिटिलकोलीन नावाचं रसायन टाकून बघत होते. जिवंत प्राण्याला ते दिलं की रक्तवाहिन्या सैल पडतात हे माहीत होतं, पण बाहेर काढलेल्या पट्ट्या मात्र उलट आकसायच्या, आणि फर्चगॉट कितीतरी वर्षं हेच बघत आले होते. शेवटी लक्षात आलं की पट्टी कापताना आतली बाजू घासली जाते आणि अस्तर निघून जातं. अस्तर सांभाळून कापलं की तीच पट्टी सैल पडते! मग त्यांनी अजून एक भारी प्रयोग केला, अस्तर नसलेली पट्टी अस्तर असलेल्या पट्टीला चिकटवून ठेवली, तर बिनअस्तराची पण सैल पडली. म्हणजे अस्तरातून काहीतरी बाहेर पडतं आणि ते शेजारच्या स्नायूला सांगतं की सैल हो.

ते "काहीतरी" म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, एक साधा वायू. १९८६ मध्ये फर्चगॉट आणि लुई इग्नारो दोघांनी वेगवेगळं हे सुचवलं आणि १९८७ मध्ये साल्वाडोर मोंकाडाच्या गटाने ते दाखवून दिलं. १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि फरीद मुराद यांना मिळालं. मोंकाडाला मिळायला हवं होतं असं मला अजूनही वाटतं, पण तो विषय वेगळा.

हा वायू काही सेकंदच टिकतो म्हणून तो सतत, जागच्या जागी बनत राहावा लागतो. तो नुसती वाहिनी सैल करत नाही, प्लेटलेट्सना चिकटू देत नाही, पांढऱ्या पेशींना भिंतीत घुसू देत नाही. त्याशिवाय याच पेशी प्रोस्टासायक्लिन बनवतात, ते पण गुठळ्या रोखतं. आणि उलट दिशेचं पण सामान याच पेशींकडे असतं, रक्त थांबवायला लागणारा व्हॉन विलब्रँड फॅक्टर तयार भरून ठेवलेला असतो, आणि वाहिनी जोरात आकसवणारं एंडोथेलिन, जे १९८८ मध्ये जपानमध्ये यानागिसावा आणि मासाकी यांच्या गटाने शोधलं. म्हणजे सैल करणारं आणि आवळणारं, न गोठवणारं आणि गोठवणारं, दोन्ही एकाच पेशीच्या हातात. निरोगी असताना तोल पहिल्या बाजूला असतो. डिसफंक्शन म्हणजे हा तोल सरकणं, पेशी मरून पडल्याच पाहिजेत असं काही नाही.

आता बिघडतं कसं. नायट्रिक ऑक्साइड बनवणारं जे एन्झाइम आहे त्याला एक मदतनीस रेणू लागतो, तो कमी पडला की तेच एन्झाइम चक्क सुपरऑक्साइड नावाचा घातक रेणू बनवायला लागतं, आणि सुपरऑक्साइड उरलंसुरलं नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकतं. मला पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा पटेना, रक्षण करणारी यंत्रणाच उलटते. सिगारेट, वाढलेलं बीपी, एलडीएल कोलेस्टेरॉल, जुनी सूज, सगळं फिरून इथे येतं. डायबिटीसमध्ये तर या पेशींची अडचण अशी की साखर आत घ्यायला त्यांना इन्सुलिन लागत नाही आणि रक्तात साखर वाढली तरी त्यांना दार बंद करता येत नाही, बाहेर जेवढी तेवढी आत. मायकेल ब्राउनलीने २००१ मध्ये यावर फार सुंदर लिहिलंय, जास्त साखरेने मायटोकॉन्ड्रियातून (पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं) सुपरऑक्साइड वाढतं आणि तिथून चार वेगवेगळे नुकसानीचे रस्ते सुरू होतात. डोळा आणि किडनी आधी का जातात याचं उत्तर बरंचसं तिथे आहे.

अजून एक गोष्ट सांगायचीच आहे. कोलेस्टेरॉल सगळ्या शरीरात सारखंच फिरतं ना, मग प्लाक, म्हणजे धमनीच्या भिंतीत साचणारा चरबीचा थर, ठरावीक जागीच का होतो? कारण या पेशींना रक्ताचा प्रवाह जाणवतो. सरळ वाहिनीत प्रवाह एका दिशेने आणि जोरात असतो, पेशी त्या दिशेने लांबट होऊन ओळीत बसतात आणि नायट्रिक ऑक्साइड बनवतात. पण जिथे फाटा फुटतो, वळण असतं, तिथे प्रवाह भोवऱ्यासारखा मागेपुढे होतो, पेशी वेड्यावाकड्या बसतात, सुजेची जीन्स चालू होतात, आणि नदीच्या वळणावर गाळ बसावा तसा तिथे प्लाक धरतो. फरक एवढाच की इथे गाळ आपसूक बसत नाही, पेशी स्वतः दार उघडून त्याला आत घेतात.

डॉ_रात्रपाळी

पेशीवाला यांनी पाया छान घातलाय, मी दवाखान्याच्या बाजूने लिहितो. कार्डिओलॉजीत आहे.

सगळ्यात आधी, मुक्ता, आईला सांगा की त्यांचं दुखणं खरं आहे. अँजिओग्राफीत आपल्याला फक्त मोठ्या धमन्या दिसतात, साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या खालच्या वाहिन्या त्या फोटोत येतच नाहीत, आणि हृदयाच्या स्नायूला किती रक्त मिळायचं हे मुख्यतः त्या न दिसणाऱ्या वाहिन्याच ठरवतात. त्यामुळे "क्लीन अँजिओ म्हणजे हृदय ठीक" हे वाक्यच अर्धवट आहे. याला आता नाव पण आहे, इनोका, म्हणजे ब्लॉकेज नसताना हृदयाला रक्त कमी पडणं. बायकांमध्ये जास्त सापडतं आणि बायकांनाच जास्त वेळा टेन्शन आहे म्हणून परत पाठवलं जातं, याचा मला खरंच राग येतो.

मोजता येतं का? येतं, दोन पातळ्यांवर.

पहिली, दंडावरची. १९९२ मध्ये सेलरमायर आणि सहकाऱ्यांनी लॅन्सेट या मेडिकल मासिकात दिलेली पद्धत. हाताला बीपीचा कफ बांधून पाच मिनिटं रक्त अडवायचं, मग सोडायचं. एकदम रक्त धावतं, अस्तराला तो जोर जाणवतो, नायट्रिक ऑक्साइड सुटतं आणि दंडातली धमनी रुंदावते, ती किती रुंदावली ते सोनोग्राफीवर मोजायचं. नंतर जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देऊन परत मोजतात, कारण ते अस्तराला वळसा घालून थेट स्नायूला सैल करतं, म्हणजे कळतं की दोष अस्तरात आहे की स्नायूत. दिसायला फार देखणी टेस्ट. पण हिशोब करून बघा, धमनी ४ मिलिमीटरची आणि ती ५ टक्के रुंदावली म्हणजे ०.२ मिलिमीटर. एवढा फरक मोजायचा, आणि त्यात जेवण, कॉफी, सिगारेट, दिवसाची वेळ, पाळीचे दिवस या सगळ्याने आकडा हलतो. म्हणून शंभर लोकांच्या दोन गटांची तुलना करायला ती उत्तम, पण एका माणसाच्या हातात रिपोर्ट देऊन "तुमचं अस्तर इतकं खराब" सांगायला मी तरी वापरणार नाही. कोणी अशी टेस्ट पॅकेजमध्ये विकत असेल तर विचार करून घ्या.

दुसरी, थेट हृदयातली, आणि आईच्या बाबतीत कामाची हीच. कॅथेटर (बारीक नळी) हृदयाच्या धमनीपर्यंत नेऊन आत एक वायर सोडतात, अॅडिनोसीन हे बारीक वाहिन्या उघडणारं औषध देऊन बघतात की रक्तप्रवाह किती पट वाढतो, आणि मग अॅसिटिलकोलीन देतात. हो, तेच फर्चगॉटचं अॅसिटिलकोलीन! निरोगी धमनी त्याने रुंदावते. १९८६ मध्ये लुडमर आणि सहकाऱ्यांनी माणसांच्या हृदयात दाखवलं की रोगट धमनी त्याच औषधाने उलट आकसते. सशाच्या पट्टीवर दिसलेली गोष्ट सहा वर्षांत माणसात दिसली, मला हा सगळा प्रवास फार आवडतो. तर या टेस्टमधून कळतं की बारीक वाहिन्या पुरेशा उघडत नाहीत, की मोठी धमनी आखडते, की दोन्ही. आणि हे कळणं महत्त्वाचं कारण औषधं वेगळी आहेत. बारीक वाहिन्यांचा त्रास असेल तर बहुतेकदा बीटा ब्लॉकरने (हृदयाची गती कमी करणारं औषध) सुरुवात करतात, आखडण्याचा असेल तर कॅल्शियम चॅनल ब्लॉकर (वाहिनी सैल करणारं औषध), आणि आखडणाऱ्या धमनीला काही बीटा ब्लॉकर उलट त्रास देऊ शकतात.

याचा उपयोग होतो का तर २०१८ ची कोरमायका ट्रायल बघा, ग्लासगोच्या गटाची. ब्लॉकेज नसलेल्या १५१ पेशंटची ही टेस्ट केली, अर्ध्यांच्या डॉक्टरांना निकाल सांगून त्याप्रमाणे औषध दिलं, अर्ध्यांच्या डॉक्टरांना निकाल सांगितलाच नाही. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचा अँजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) स्पष्टपणे कमी होता आणि रोजचं जगणं सुधारलं होतं. नवीन औषध एकही नाही, फक्त नेमकं काय बिघडलंय ते कळलं म्हणून.

मुक्ता_आर

दोघांचेही खूप आभार, आईला तुमचा पहिला परिच्छेद वाचून दाखवला डॉक्टर, ती काही बोलली नाही पण परत वाच म्हणाली.

दोन शंका राहिल्या. एक म्हणजे नायट्रिक ऑक्साइड कमी पडतंय तर ते ज्यापासून बनतं ते एल-आर्जिनीन द्यायला काय हरकत आहे? मामाने डबा आणून ठेवलाय आणि रोज विचारतो सुरू केलं का. दुसरं, आईला कोविड झाला होता, त्याने अस्तर खराब झालं असेल का? नेटवर तर सगळे तेच म्हणतायत.

औषधमात्रा

आर्जिनीनवर मी लिहिते, फार्मकॉलॉजी शिकवते.

डबा बंदच राहू दे. तर्क बरोबर वाटतो, कच्चा माल वाढवा म्हणजे उत्पादन वाढेल, आणि लहान लहान अभ्यासांमध्ये दंडावरची टेस्ट सुधारलेली पण दिसली होती. म्हणून मग हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १५३ लोकांवर नीट ट्रायल केली, व्हिंटेज एमआय नावाची, २००६ मध्ये जामा मासिकात आली. निम्म्यांना आर्जिनीन, निम्म्यांना प्लासिबो (औषध नसलेली नकली गोळी), सहा महिने. हृदयाचं काम सुधारलं नाही, धमन्यांचा ताठरपणा कमी झाला नाही, आणि आर्जिनीनच्या गटात सहा मृत्यू झाले, प्लासिबोच्या गटात एकही नाही. ट्रायल मध्येच थांबवली. संख्या लहान आहे त्यामुळे आर्जिनीननेच मेले असं ठामपणे म्हणता येणार नाही, पण कार्यक्षमता शून्य आणि शंका एवढी मोठी असताना हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला ते द्यायचं कशाला? वर पेशीवाल्यांनी जे सांगितलं ना की एन्झाइमच उलटतं, ते लक्षात घ्या, उलटलेल्या एन्झाइमला जास्त कच्चा माल दिला तर तो नायट्रिक ऑक्साइडच बनवेल याची खात्री काय.

आणि हे एकट्या आर्जिनीनचं नाही. या सगळ्या क्षेत्रात ही ठेच परत परत लागलेली आहे, टेस्ट सुधारते आणि माणूस सुधारत नाही. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन हे हार्मोन दिलं की अस्तराची टेस्ट सुधारायची, सगळ्यांना वाटलं हृदय वाचणार. १९९८ मध्ये हर्स ट्रायलमध्ये २७६३ हृदयरोगी बायकांमध्ये काही फायदा दिसला नाही, आणि २००२ मध्ये डब्ल्यूएचआय ट्रायल, १६ हजारांवर बायका, इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन गट वेळेआधी थांबवावा लागला. व्हिटॅमिन ई चं पण तसंच, अँटिऑक्सिडंट म्हणून अस्तराला वाचवणार असा बोलबाला, २००० मधल्या होप ट्रायलमध्ये हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. एंडोथेलिन अडवणारं बोसेंटन फुफ्फुसांच्या हाय बीपीत खरंच उपयोगी पडलं, २००१ पासून वापरात आहे, पण त्याच जातीचं झिबोटेंटन बारीक वाहिन्यांच्या अँजायनामध्ये वापरून बघितलं तर लोक ट्रेडमिलवर जास्त वेळ चालू शकले नाहीत. म्हणून पावडर, कॅप्सूल, रस काहीही असो, "अस्तरावर काम करतं" एवढं वाक्य मला पुरत नाही, त्याने माणसाचं दुखणं कमी झालं का, अटॅक कमी झाले का ते दाखवा.

मामांना रागावू नका, त्यांनी काळजीनेच आणलंय.

सईची_आई

मी डॉक्टर वगैरे नाही, पण एक विचारू का मुक्ता? तुमच्या आईला गरोदरपणात बीपी वाढलं होतं का?

मला प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढण्याचा आजार) झाला होता, बाळ लवकर काढावं लागलं, आणि नंतर मी हे वेड्यासारखं वाचलंय कारण कोणी मला समजावून सांगितलंच नव्हतं. घरी आल्यावर सगळ्यांसाठी ते संपलं होतं, माझ्यासाठी नव्हतं. तेव्हा कळलं की हा पण अस्तराचाच आजार आहे. वार (प्लासेंटा) एक प्रथिन रक्तात सोडते, एसएफएलटी-१ नावाचं, ते अस्तराच्या पेशींना लागणारे वाढीचे घटक धरून ठेवतं, पेशी उपाशी पडतात, मग वाहिन्या आवळतात म्हणून बीपी, किडनीतल्या वाहिन्या सुजतात म्हणून लघवीतून प्रोटीन. डॉ. अनंत करुमांची यांच्या गटाने २००३ मध्ये हे प्रथिन गाभण उंदरांच्या शरीरात वाढवून दाखवलं, त्यांना बीपी पण आलं, प्रोटीन पण गेलं आणि किडनी पण तशीच दिसली. बाळंतपण झालं, वार गेली की आजार जातो, पण खुणा राहतात. अशा बायकांना पुढे हृदयरोगाचा धोका साधारण दुप्पट असतो आणि बीपीचा त्याहून जास्त. हे मला डिस्चार्जच्या कागदावर कुठेच लिहून मिळालं नव्हतं. म्हणून मी भेटेल त्या बाईला विचारते.

मुक्ता_आर

सईची आई, अंगावर काटा आला. आत्ता आईला विचारलं, माझ्या धाकट्या भावाच्या वेळी तिचं बीपी खूप वाढलेलं, पायावर सूज होती आणि त्याला आठव्या महिन्यातच काढलं होतं. आजपर्यंत एकाही हृदयाच्या डॉक्टरने हे विचारलं नाही आणि आम्हाला पण सांगावंसं वाटलं नाही, तीस वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून.

डॉ_रात्रपाळी

हे अपॉइंटमेंटला सगळ्यात आधी सांगा. जुनी फाइल सापडली तर न्या, नाही सापडली तर तोंडी सांगा. आणि सईच्या आईला सलाम, तो प्रश्न आम्हीच विचारायला हवा होता.

पेशीवाला

कोविडचं राहिलं. इथे नेटवरचा गोंगाट आणि पुरावा यात बरंच अंतर आहे.

एप्रिल २०२० मध्ये लॅन्सेटमध्ये तीन पेशंटचा एक छोटा रिपोर्ट आला, त्यात म्हटलं होतं की अस्तराच्या पेशींच्या आत विषाणू दिसला. तो जगभर गाजला. नंतर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवाल्या जाणकारांनी आक्षेप घेतला की फोटोत दिसतंय तो विषाणू नसून पेशीतलेच नेहमीचे भाग आहेत. पुढच्या अभ्यासांमध्ये पण असं दिसत गेलं की विषाणूला आत शिरायला जो एसीई-२ रिसेप्टर (पेशीवरचं दारासारखं प्रथिन) लागतो तो या पेशींवर फारच कमी असतो किंवा नसतोच. पण म्हणून अस्तराला काही झालं नाही असंही नाही! त्याच वर्षी अॅकरमन आणि सहकाऱ्यांनी कोविडने आणि फ्लूने गेलेल्या लोकांची फुफ्फुसं शेजारी ठेवून तपासली, केशवाहिन्यांमधल्या बारीक गुठळ्या कोविडमध्ये नऊपट होत्या आणि अस्तराचं नुकसान फार होतं. मला स्वतःला जे पटतं ते असं की विषाणू अस्तरात घर करतो म्हणून नव्हे, तर शेजारच्या पेशी आजारी पडल्यावर जी सूज उठते त्यात अस्तर भरडलं जातं. तीव्र आजारातली ही गोष्ट झाली. बरं झाल्यावर वर्षानुवर्षं त्यातलं किती टिकतं आणि कोणात, यावर एका माणसाकडे बोट दाखवून "हे कोविडनेच" म्हणणं कोणालाच जमणार नाही. मुक्ताताई, तुमच्या आईच्या बाबतीत तर गरोदरपणातलं बीपी हा जास्त ठोस धागा वाटतो.

विषाणू थेट न मारता अस्तर गळकं करू शकतो याचं जास्त पक्कं उदाहरण डेंगूचं आहे. त्या विषाणूचं एनएस-१ नावाचं प्रथिन रक्तात फिरतं आणि अस्तराच्या वर जो साखरेच्या रेणूंचा नाजूक थर असतो, ग्लायकोकॅलिक्स, तो उतरवतं, त्यामुळे प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) वाहिनीबाहेर झिरपतो. ताप उतरायला लागतो नेमका त्याच सुमाराला हे होतं म्हणून डेंगूत ताप गेला तरी डॉक्टर सोडत नाहीत. आणि बरं होणारा पेशंट असेल तर एक-दोन दिवसांत गळती थांबते, म्हणजे अस्तर सावरतं.

तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये विचारलं होतं सुधारतं का, त्यावर आमच्या बाजूची एक गोष्ट. १९९७ मध्ये असाहारा आणि सहकाऱ्यांनी सायन्स मासिकात लिहिलं की प्रौढ माणसाच्या रक्तातच अशा पेशी फिरतात ज्या जाऊन अस्तर बनवू शकतात. काय उत्साह होता! २००३ मध्ये असंही दिसलं की ज्यांच्या रक्तात अशा पेशी कमी त्यांना हृदयरोगाचा धोका जास्त. मग नीट तपासत गेल्यावर कळलं की ज्यांना आपण त्या पेशी म्हणत होतो त्यातल्या बऱ्याचशा चक्क पांढऱ्या पेशींच्या जातीच्या होत्या, त्या दुरुस्तीला मदत करतात पण स्वतः अस्तर होत नाहीत. आज आम्ही जास्त करून असं मानतो की जखम झाली की आजूबाजूच्या अस्तराच्याच पेशी वाढून ती भरतात. म्हणून "स्टेम सेलने अस्तर नवीन करून देतो" अशी जाहिरात दिसली तर लांब राहा, खरंच कळकळीने सांगतोय.

आणि लॅबमधल्या निकालांकडे बघताना एक भान ठेवा. १९७३ मध्ये जॅफी आणि सहकाऱ्यांनी बाळाच्या नाळेतल्या शिरेतून या पेशी काढून वाढवायची पद्धत बसवली, तेव्हापासून आमचं निम्मं क्षेत्र त्यावर उभं आहे, कारण नाळ मिळते आणि पेशी छान वाढतात. पण त्या नवजात बाळाच्या, शिरेतल्या, प्लास्टिकवर स्थिर द्रवात वाढलेल्या पेशी आहेत, आणि आपल्याला प्रश्न आहे ५८ वर्षांच्या बाईच्या हृदयातल्या बारीक धमन्यांचा. आता चिपवर नळ्या करून त्यात प्रवाह सोडून काम चालतं, ते बरंच जवळ जातं, तरी पेशींवर चाललं म्हणजे माणसात चालेल ही उडी फार मोठी आहे.

मुक्ता_आर

बाप रे, किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी. मग माणसात सिद्ध झालेलं, अस्तर खरंच सुधारतं असं काही आहे का? आणि अपॉइंटमेंटला मी नेमकं काय विचारू?

डॉ_रात्रपाळी

आहे. व्यायामाचं तर थेट हृदयात वायर घालून मोजलेलं आहे. हॅम्ब्रेख्ट आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा अभ्यास, १९ पेशंट, अॅसिटिलकोलीनने धमनी आकसणारे. निम्म्यांना चार आठवडे देखरेखीखाली रोज व्यायाम, आणि परत मोजलं तर आकसणं ५४ टक्क्यांनी कमी झालेलं. अभ्यास लहान आहे, पण प्रश्नाला इतकं थेट भिडणारं फार कमी काम आहे. फक्त आईला छातीत दुखतंय तोवर स्वतःच्या मनाने वाढवू नका, कार्डिअॅक रिहॅब आहे का ते विचारा, तिथे ईसीजीवर लक्ष ठेवून करून घेतात.

घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर ते बंद, आईसमोर नाही एवढ्याने भागत नाही. २००१ मध्ये जपानी गटाने दाखवलं होतं की न ओढणाऱ्या माणसाने अर्धा तास दुसऱ्याच्या धुरात काढला तरी हृदयातला रक्तप्रवाह वाढवायची क्षमता लगेच घटते. आणि सोडणाऱ्याचं सुधारतं, २०१० मध्ये दीड हजार लोकांचा मोठा अभ्यास आला, वर्षभर सोडलेल्यांची दंडावरची टेस्ट ६.२ वरून ७.२ टक्क्यांवर गेली, वजन वाढूनसुद्धा.

बीपी, साखर, एलडीएल काटेकोर ठेवणं आहेच. कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन आणि बीपीची एसीई गटातली गोळी या त्रासात बरेच डॉक्टर देतात, ब्लॉकेज नाही मग ही गोळी कशाला म्हणून परस्पर बंद करू नका.

अपॉइंटमेंटला हे विचारा: अॅसिटिलकोलीन आणि अॅडिनोसीनची टेस्ट करता येईल का, इथे होत नसेल तर कुठे होते, किंवा पेट स्कॅन नाहीतर एमआरआयवर हृदयाचा रक्तप्रवाह मोजता येईल का. औषध आधी सुरू करून बघू म्हणाले तरी ते चुकीचं नाही, फक्त कोणत्या प्रकारचा त्रास धरून देताय ते विचारून घ्या. आईला एका वहीत लिहायला सांगा, कधी दुखलं, काय करत होत्या, किती वेळ, नायट्रोग्लिसरीन दिली असेल तर तिने गेलं का. पहाटे बसल्याजागी दुखणं आणि चढताना दुखणं यावरूनच आम्हाला बरंच कळतं. आणि दुखणं पंधरावीस मिनिटं थांबलं नाही, घाम फुटला, दम लागला तर आधीची अँजिओ क्लीन होती म्हणून घरी थांबू नका, सरळ इमर्जन्सीत जा. ब्लॉकेज नसतानासुद्धा अस्तर सोलवटून त्यावर गुठळी बसू शकते, प्लाक इरोजन म्हणतात त्याला, हार्ट अटॅकच्या साधारण एक तृतीयांश केसेसमध्ये प्लाक फुटलेला नसतो, तेच झालेलं असतं.

मुक्ता_आर

वही आजच काढली. अपॉइंटमेंट झाली की इथेच लिहीन.